पहिली पंचिंग बॅग घेताना: बडोद्यातल्या नवशिक्या बॉक्सरांचे नेहमीचे प्रश्न

बॉक्सिंग सुरू करून महिना-दोन महिने झाले की घरी बॅग टांगायची हुक्की येतेच. मग फोन सुरू होतात, आणि जवळजवळ प्रत्येक फोनवर पहिला प्रश्न एकच: कुठल्या कंपनीची घेऊ? त्याचं उत्तर खाली आहे, पण बरंच खाली आणि त्रोटक. हौसेनं आणलेल्या ज्या बॅगा पुढे माळ्यावर जाऊन पडतात, त्या कंपनीपायी पडत नाहीत. कुठे छत धड नसतं, कुठे वजन चुकलेलं असतं, कुठे आतला भराव दगड झालेला असतो. म्हणून प्रश्न त्याच क्रमानं घेतले आहेत, आणि छताला जरा जास्तच जागा दिली आहे.

बॅग आधी मागवू की टांगायची जागा आधी ठरवू?

जागा. बॅग कुठे टांगता येईल यावर ती किती वजनाची परवडेल हे ठरतं, उलट नाही. एक टेप घ्या आणि घरभर फिरा. टांगायच्या बिंदूपासून चारही बाजूंना निदान तीन-साडेतीन फूट मोकळं हवं, कारण बॅग झुलते आणि तुम्हाला तिच्याभोवती फिरायचं असतं. कोपऱ्यात टांगलेल्या बॅगेवर मुलं समोर उभी राहून नुसती धपाधप मारत बसतात, पाय हलतच नाहीत. पायांची सवय एकदा बिघडली की ती सुधारायला प्रशिक्षकाला नाकी नऊ येतात. फिरायला जागाच नसेल तर बॅगेचा नाद सोडा आणि आरशासमोर शॅडो बॉक्सिंग (हवेत ठोसे मारायचा सराव) करा. त्याला एक पैसा लागत नाही.

आमचा मांजलपूरला फ्लॅट आहे. स्लॅबला बॅग टांगता येईल का?

सिमेंट-लोखंडाचा स्लॅब असेल तर येईल, पण पद्धतशीर. घरांचे स्लॅब बहुधा चार ते पाच इंच जाडीचे असतात. त्यात हॅमर ड्रिलनं भोक पाडून अँकर फास्टनर (भोकात फुगून घट्ट बसणारे बोल्ट) बसवतात. एकाच भोकातल्या एकाच हुकापेक्षा चार भोकांची लोखंडी प्लेट आणि तिला जोडलेली कडी घ्या. भार चार ठिकाणी वाटला जातो. फास्टनर १० किंवा १२ मिलिमीटरचे घ्यावेत. ड्रिल मध्येच अडलं आणि पुढे जाईना, तर आत सळई लागली आहे असं समजा. जोर लावून ती कापायची नाही, भोक दोन इंच सरकवायचं. बीमच्या तळाशी मधोमध भोक पाडायचं नाही; मुख्य सळया तिथेच असतात.

हिशेब असा करा. ३५ किलोची बॅग स्थिर असते तेव्हा छतावर ३५ किलोचा भार असतो. ती झुलायला लागली, वर तुमचा हूक (कोपर वाकवून बाजूनं मारलेला ठोसा) बसला आणि झटका लागला, की तोच भार दुप्पट-तिप्पट होतो, आणि हे मिनिटाला कित्येकदा होत राहतं. म्हणून कडी, साखळी, फास्टनर सगळं बॅगेच्या वजनाच्या निदान चौपट झेलणारं घ्यायचं. बसवून झालं की बॅग लावण्याआधी घरातल्या जाडजूड माणसाला त्या कडीला लोंबकळायला सांगा.

पीओपीच्या खोट्या छताला काहीही टांगू नका. तिथे पीओपी कापून वरच्या खऱ्या स्लॅबपर्यंत पोचावं लागतं. आणि सोसायटीत राहत असाल तर भोक पाडण्याआधी चेअरमनना एक शब्द विचारलेला बरा. नंतर वरच्या मजल्यावरून तक्रार आली की तो शब्द कामी येतो.

हॉलमध्ये झोपाळ्याच्या कड्या आहेत. त्यांना टांगली तर चालेल?

बडोद्याच्या घरातली बॅग टांगायची सगळ्यात उत्तम जागा हीच. या कड्या बहुतेक ठिकाणी स्लॅब घालतानाच सळईत अडकवून ओतलेल्या असतात, आणि त्यांनी वर्षानुवर्षं दोन-तीन माणसांचं ओझं झुलताना पेललेलं असतं. नवीन फास्टनरपेक्षा माझा त्यांच्यावर जास्त विश्वास आहे.

तरी तीन गोष्टी बघा. पहिली, कडीची झीज. झोपाळा एकाच दिशेत पुढे-मागे जातो, त्यामुळे कडीच्या आतल्या कडेला खाच पडलेली असते. स्टुलावर चढून तिथे बोट फिरवा. मूळ जाडीच्या चौथ्या हिश्श्याहून जास्त धातू गेला असेल तर ती कडी विसरा. दुसरी, गंज. पोपडे निघत असतील तर तारेच्या ब्रशनं घासून आत काय उरलंय ते बघा. तिसरी, फिरकी. बॅग झोपाळ्यासारखी सरळ झुलत नाही, ती गोल फिरते आणि साखळीला पीळ देते. कडी आणि साखळी यांच्यामध्ये बेअरिंगवाली फिरकी आणि एक डी शॅकल (डी आकाराची बोल्टवाली कडी) लावा. नाहीतर साखळीच कडीला कापत राहते, आणि आवाज असा होतो की शेजारी विचारायला येतात.

झोपाळा काढायला घरचे तयार होतील का, हा प्रश्न तुमचा तुम्ही सोडवा. काही घरांत काढता-घालता येणारे हूक लावून संध्याकाळी झोपाळा आणि सकाळी बॅग अशी वाटणी केलेली आहे, आणि ती निभते. आजींच्या दुपारच्या वेळेला मात्र हात लावू नये.

पंख्याच्या हुकाला?

नाही. छताचा पंखा चार-पाच किलोचा असतो. तेवढ्यासाठीच तो हूक असतो, आणि शेजारून विजेची वायर जाते.

दांडिया बाजारातला आमचा जुना वाडा आहे. लाकडी तुळया आहेत.

तुळई सागाची आणि शाबूत असेल तर ती बॅग सहज पेलते. ती शाबूत आहे की नाही हाच खरा प्रश्न. हातोडीनं टोकापासून टोकापर्यंत ठोकत जा. भरीव आवाज बदलून कुठे पोकळ आला तर तिथे वाळवी आत शिरलेली असू शकते. सुरीचं टोक दाबून बघा. लोण्यासारखं आत गेलं तर त्या तुळईखाली उभंसुद्धा राहू नका, आधी सुताराला दाखवा.

चांगल्या तुळईलाही भोक पाडून आय बोल्ट (कडीवाला बोल्ट) लावण्यापेक्षा नायलॉनचा रुंद पट्टा तिच्याभोवती गुंडाळून त्यात कॅरॅबिनर (उघडझाप होणारी कडी) अडकवलेला मी पसंत करतो. माल चढवायला ट्रकवाले वापरतात तसला पट्टा. लाकूड फाटत नाही, आवाज कमी येतो, आणि वाडा विकायला काढला तर भोकाची खूण राहत नाही. पट्टा तुळईच्या धारेवर घासतो, तिथे जुन्या सायकल ट्यूबचा तुकडा घाला. आणि बॅग मधोमध टांगण्याऐवजी तुळई जिथे भिंतीत शिरते त्याच्या जितकी जवळ टांगता येईल तितकी टांगा, म्हणजे तुळईला बाक कमी येतो. अर्थात फिरायची जागा सांभाळून.

भाड्याचं घर आहे, मालक भोक पाडू देत नाहीत.

दोन पर्याय. एक, लोखंडी स्टँड, ज्याला बॅग टांगता येते. हलका स्टँड बॅगेच्या मागे मागे चालत सुटतो, म्हणून त्याच्या पायांवर वजनाच्या प्लेट किंवा वाळूच्या पिशव्या ठेवाव्या लागतात. आपल्याकडच्या वेल्डरकडून जाड चौकोनी पाइपचा करून घेतलेला स्टँड पुष्कळदा तयार स्टँडपेक्षा भक्कम निघतो. मागचा पाय लांब ठेवायला सांगायचं विसरू नका.

दोन, जमिनीवर उभी राहणारी बॅग. खाली पाण्यानं किंवा वाळूनं भरायचं तळ असतं. पाणी सोपं, पण वाळू दीडपटीहून थोडी जड: ६० लिटरच्या तळात पाणी ६० किलो भरतं, कोरडी वाळू ९०च्या पुढे जाते. नवशिक्यानं यात एक तोटा समजून घ्यावा. उभी बॅग मार खाल्ल्यावर मागे कलते आणि परत उसळते. टांगलेल्या बॅगेसारखी लोंबत परत येत नाही. त्यामुळे अंतराचा अंदाज वेगळाच बसतो. घाम काढायला ठीक आहे. ज्याला पुढे रिंगमध्ये उतरायचंय त्यानं आठवड्यातून काही दिवस तरी क्लबातल्या टांगलेल्या बॅगेवर सराव करावा.

गच्चीवर टांगली तर?

शेड असेल तर जरूर. उघड्यावर उन्हानं रेक्झिन दोन उन्हाळ्यांत तडकतं आणि पावसानं आतला भराव कुजतो. उत्तरायणाच्या, म्हणजे पतंगांच्या सणाच्या आठवड्यात बॅग तशीही खाली आणावी लागेल. १४ जानेवारीला गच्चीवर तुम्हालाच उभं राहायला जागा मिळणार नाही.

माझं वजन ६५ किलो आहे. बॅग किती किलोची?

अंगाच्या वजनाच्या निम्म्याच्या आसपास. म्हणजे तुम्हाला ३० ते ३५ किलो. हा काही धर्मशास्त्राचा नियम नव्हे, पण सुरुवातीला याच्या फार लांब जाऊ नये.

कारण सांगतो. १५-२० किलोची बॅग तुमच्या क्रॉसनं (मागच्या हाताच्या सरळ ठोशानं) उडून जाते. मग तुम्ही ठोसे मारायचे सोडून तिच्या परत येण्याची वाट बघत बसता, आणि ती अंगावर येत असताना मारलेला ठोसा मनगट मागे वळवतो. उलट ६० किलोची बॅग ढिम्म हलत नाही. ठोशाचा सगळा धक्का मनगट, कोपर आणि खांद्यात परत येतो. तीन आठवड्यांत कोपर दुखायला लागतं आणि मुलगा म्हणतो, बॉक्सिंग मला मानवत नाही. बॉक्सिंग मानवतं, ती बॅग मानवत नाही.

ऑलिंपिकमध्ये कांस्य जिंकताना मेरी कोम ५१ किलो गटात खेळली (लंडन, २०१२) आणि विजेंदर सिंग ७५ किलो गटात (बीजिंग, २००८). निम्म्याच्या हिशेबानं एकीला साधारण २५ किलोची बॅग, दुसऱ्याला ३७-३८. घरात बहीण-भाऊ दोघं शिकत असतील तर हाच फरक तुमच्या हॉलमध्ये उभा राहतो. अशा वेळी सरासरी काढू नका. हलक्या अंगाच्या माणसाला सोसेल ती बॅग घ्या. जड गडी मारत असताना दुसऱ्यानं मागून खांदा लावून ती धरायची.

बॅग योग्य आहे का हे ओळखायची साधी खूण: पूर्ण जोरानं क्रॉस मारला तर ती वीतभर, फार तर हातभर मागे जाऊन निमूट परत यावी. गरगर फिरत असेल तर एक तर ती हलकी आहे, नाहीतर तुमचा ठोसा मधोमध बसत नाहीये. बहुधा दुसरं.

तीन फुटी, चार फुटी, पाच फुटी: काय फरक?

दुकानात बॅग फुटात विकतात आणि वजन विचारलं की 'चार फुटी म्हणजे चाळीस किलो' असं ठोकून देतात. वजन फुटांवर एकट्यावर ठरत नाही. घेर किती आणि आत काय, त्यावर ठरतं. नुसत्या चिंध्यांनी नीट ठासून भरलेली १४ इंच व्यासाची चार फुटी बॅग ३० ते ३५ किलो भरते. १२ इंची तीन फुटी बॅग २० च्या आतबाहेर. १४ इंची पाच फुटी ४० च्या आसपास.

मोठ्या माणसासाठी चार फुटी घ्या, विषय संपला. डोक्याच्या उंचीपासून पोटापर्यंत सगळे ठोसे तिच्यावर बसतात. तीन फुटीवर पोटाचे ठोसे मारायला गेलं की हात खालून निसटतो. सहा फुटी लांबलचक बॅग लाथा मारणाऱ्यांची, किकबॉक्सिंग आणि मुए थाईवाल्यांची. तुम्हाला फक्त हात चालवायचे असतील तर तिचा खालचा अर्धा भाग तुम्ही विनाकारण छताला टांगून ठेवाल.

नासपतीसारख्या, पाण्याच्या, छोट्या चेंडूसारख्या बॅगा पण दिसतात. त्या?

नंतर. अपरकट (खालून वर मारायचा ठोसा), डोकं हलवणं, वेळ साधणं यांसाठी त्या चांगल्या आहेत, पण जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) नीट जात नसताना स्पीड बॉल घेऊन काय करणार?

भरलेली घ्यावी की रिकामी?

ऑनलाइन मिळणाऱ्या बऱ्याच बॅगा रिकाम्या येतात, कारण ३५ किलो चिंध्यांचं भाडं कोणाला परवडत नाही. रिकामी रेक्झिनची चार फुटी बॅग दोन हजारांच्या आत मिळते. मला विचाराल तर रिकामी आणून स्वतः भरावी. आत काय आहे ते तुम्हाला ठाऊक राहतं आणि वजन हवं तिथे थांबवता येतं.

भराव शिंप्याच्या दुकानातल्या कतरणीचा. मांडवीपासून रावपुऱ्यापर्यंत शिंप्यांना तोटा नाही. दोन दिवस आधी सांगून ठेवलं की पोतं भरून देतात. घरचे जुने टी-शर्ट, चादरीही चालतात. एक काम कंटाळवाणं पण टाळू नका: बटणं, चेन, हूक, जीन्सचे रिव्हेट कापून टाका. जीन्सची पितळी गुंडी आतून सरकत सरकत रेक्झिनपाशी येते आणि नेमकी ठोशाखाली सापडते.

कापड हाताएवढ्या तुकड्यांत कापा. तळाशी एक घडी केलेली चादर घाला, मग वीतभर थर टाकायचा आणि दांड्यानं कडेनं ठासायचा, मग मधे, मग पुढचा थर. घाई केली की मधे पोकळी राहते, आणि आठ दिवसांनी बॅगेला कंबर येते: वर फुगीर, मधे बारीक, खाली घट्ट. निम्मी भरून झाली की वजनकाट्यावर उभे राहून बॅग मिठीत घ्या आणि तुमचं वजन वजा करा. पूर्ण भरल्यावर अंगठ्यानं जोरात दाबा. अंगठ्याचा शेंडा आत जायला हवा. अजिबात जात नसेल तर थोडं काढा.

चार-सहा आठवड्यांत भराव खाली बसतो आणि वरचे पाच-सात इंच लुळे पडतात. वरची चेन उघडून आणखी कतरण टाकायची. हे दोनदा करावं लागेल असं धरूनच चाला.

चिंध्यांनी वजन कमी पडलं तर थोडी वाळू चालते, पण मोकळी ओतायची नाही. किलो-दीड किलोच्या दुहेरी प्लॅस्टिक पिशव्या करून, टेप मारून, कापडात गुंडाळून बॅगेच्या मधल्या अक्षावर वेगवेगळ्या उंचीवर ठेवायच्या. कडेला एकही यायला नको. लाकडाचा भुसा टाळा. आपल्या पावसाळ्यात तो ओल धरतो, वास मारतो आणि गठ्ठा होतो.

आखाड्यातले काका म्हणतात, गोणपाटात वाळू भरून टांग, हाडं पक्की होतात.

ज्या गावात जुम्मादादांचा आखाडा आणि व्यायामगुरू प्रा. माणिकरावांचं नाव आजही आदरानं घेतात, तिथे काकांना उलट बोलायची माझी प्राज्ञा नाही. दंड, बैठका, मल्लखांब यांबद्दल ते सांगतील ते ऐका. मल्लखांब केलेल्या मुलाचा खांदा आणि पकड बॉक्सिंगमध्ये कमालीची उपयोगी पडते. वाळूच्या पोत्याबद्दल मात्र नाही.

हिशेब करून बघा. चार फुटी, १४ इंची बॅग पूर्ण वाळूनं भरली तर वजन पावणेदोनशे किलोंच्या घरात जातं. ती टांगणारच कशी? समजा अर्धीच भरली. वाळू प्रत्येक ठोशाला थोडी थोडी खाली बसत जाते आणि तळाचा भाग भिंत होतो. पोटाचा हूक नेमका तिथेच बसतो. करंगळीखालचं तळहाताचं हाड मोडतं त्याला डॉक्टर 'बॉक्सर्स फ्रॅक्चर' म्हणतात, आणि गंमत अशी की ते तरबेज बॉक्सरांपेक्षा रागानं भिंतीवर हात मारणाऱ्यांत जास्त दिसतं. वाळूचं पोतं म्हणजे टांगलेली भिंतच.

बॅग किती उंचीवर टांगायची?

तुमच्या स्टान्समध्ये (लढायच्या पवित्र्यात) उभे राहा. बॅगेचा वरचा काठ डोक्याच्या थोडा वर आणि चार फुटी बॅगेचा खालचा काठ मांडीच्या आसपास यावा. सरळ हात केला तर मूठ बॅगेच्या वरच्या तिसऱ्या हिश्श्यात पडली पाहिजे. पुष्कळ जण साखळी लांब सोडतात आणि बॅग गुडघ्याखाली जाते. मग सगळे ठोसे नकळत खाली मारायची सवय लागते आणि हनुवटी उघडी पडते.

रेक्झिन, कॅनव्हास की चामडं?

चामडं टिकाऊ, महाग, आणि पावसाळ्यात बुरशीपासून जपावं लागतं. कॅनव्हास हवेशीर, पण घाम पितो आणि हाताची सालटी काढतो. पीयू म्हणजे चामड्यासारखं दिसणारं, हाताला मऊ लागणारं. दमट हवेत काही वर्षांनी त्याची पापुद्रे निघतात, जुन्या सोफ्याची निघतात तशीच. बडोद्याचा जुलै-ऑगस्ट बघता पहिल्या बॅगेला जाड रेक्झिन पुरे. रंगरूपापेक्षा शिवण बघा: दुहेरी शिवण हवी आणि वरच्या कड्यांचे पट्टे बॅगेच्या अंगावर निदान चार-पाच इंच खाली उतरून शिवलेले हवेत. बॅग फाटते ती तिथेच.

सराव झाला की कोरड्या फडक्यानं पुसायची. एवढंच.

वरच्यांनी तक्रार केली. बॅग आमच्या घरात, आवाज त्यांना कसा?

कारण ती त्यांच्या फरशीला टांगलेली आहे. तुमचं छत म्हणजे त्यांची जमीन. साखळीचा प्रत्येक झटका स्लॅबमधून वर जातो. साखळीच्या वर बॅगेसाठीची जाड स्प्रिंग लावा, आणि प्लेट व छत यांच्यात रबराची चकती घाला. आवाज बराच कमी होतो, नाहीसा होत नाही. उभी बॅग असेल तर हाच त्रास खालच्यांना, तिथे जाड रबरी मॅट. दुपारी एक ते चार आणि रात्री साडेनऊनंतर मारू नये. स्प्रिंगपेक्षा हाच उपाय जास्त चालतो.

ग्लोव्ह्ज कोणते? बॅगेवर नुसत्या हातानं मारू का?

नुसत्या हातानं नको. बॅग आणि ग्लोव्ह्ज मिळून बजेट ठरवा, आणि पैसे कमी पडले तर बॅगेत काटकसर करा, ग्लोव्ह्जमध्ये नको. ६० किलोच्या आतल्या माणसाला १२ औंस, त्यावर १४ किंवा १६. १२ औंस म्हणजे सुमारे ३४० ग्रॅम. आत हँडरॅप (हाताला गुंडाळायची कापडी पट्टी) हवाच. मोठ्यांना १८० इंची, म्हणजे साडेचार मीटर, लहान हाताला १२० इंची. रॅप मनगटाला तीन फेरे आणि मग बोटांच्या मुळाशी असलेल्या गाठींवर. ठोसा तर्जनी आणि मधल्या बोटाच्या गाठींवर बसला पाहिजे, मनगट आणि हात एका रेषेत.

ग्लोव्ह्ज पिशवीत कोंबून ठेवले की दोन दिवसांत घरभर कळतं. पंख्याखाली तोंड उघडं ठेवून वाळवा. कडक उन्हात नको.

माझा मुलगा १२ वर्षांचा आहे. त्याच्यासाठी घेऊ का?

घाई नसेल तर थांबा. या वयात हाडं वाढत असतात आणि जोर लावण्यापेक्षा पाय, तोल, अंतर शिकण्यात जास्त फायदा आहे. घ्यायचीच तर १५ किलोच्या आत, मऊ भरावाची, आणि मोठं कोणी समोर असताना. त्याच्या प्रशिक्षकांना विचारून घ्या. ते 'अजून नको' म्हणाले तर मुलाची बाजू घेऊन भांडू नका.

मुलींसाठी वेगळी बॅग असते का?

नाही. वजनाचा हिशेब तोच. गुलाबी बॅग म्हणून जे विकतात ते बहुधा हलकं आणि छोटं असतं, आणि तीन महिन्यांत अपुरं पडतं. निखत झरीन, लवलीना बोरगोहाईं यांच्यासारख्या आपल्या बॉक्सर ज्या बॅगांवर घाम गाळतात त्या काही वेगळ्या कारखान्यात बनत नाहीत.

किती वेळ मारायचं?

स्पर्धेतले राऊंड तीन मिनिटांचे, तीन, मधे एक मिनिट विश्रांती. नवशिक्यानं दोन मिनिटांचे तीन राऊंड, आठवड्यातून तीन दिवस, आणि पहिला महिना निम्म्या जोरानं. हात दमले की मनगट ढिलं पडतं आणि इजा तेव्हाच होते. म्हणून दम लागला तर राऊंड सोडून द्या, मोजून पुरा करू नका. मनगट किंवा अंगठ्याच्या मुळाशी दुसऱ्या दिवशीही दुखत असेल, सूज असेल, तर बर्फ आणि डॉक्टर. मलम चोळून परत बॅगेपाशी जायचं नाही. रक्तदाबाचा किंवा हृदयाचा त्रास असेल तर सुरुवातच डॉक्टरांना विचारून.

तळमजल्याला राहतो. पुराचं पाणी बॅगेत गेलं तर?

आपल्या विश्वामित्री नदीनं ऑगस्ट २०२४ च्या पुरात जे केलं त्यानंतर हा प्रश्न गंमतीचा राहिलेला नाही. पाणी शिरलेली बॅग बाहेरून आठवड्यात वाळते, आतून महिनोन्‌महिने वाळत नाही, आणि ते पाणी गटाराचं असतं. चिंध्या सगळ्या टाकून द्या, धुऊन परत वापरायचा मोह नको. कव्हर साबणानं धुऊन, उलटं करून, पूर्ण सुकलं तर वापरता येतं. साखळी आणि फिरकीला तेल द्या. उभ्या बॅगेचं तळ रिकामं असेल तर ते पाण्यावर तरंगत जाऊन काचेवर आपटतं. पावसाळ्यात ते भरलेलंच ठेवा.

बरं, कंपनी कुठली?

आपल्या देशातलं खेळाचं सामान मुख्यतः जालंधर आणि मेरठला बनतं. बऱ्याचदा तीच बॅग वेगवेगळ्या शिक्क्यांनी विकली जाते. शिवण, पट्टे, कड्या हातानं ओढून बघा आणि जी पटेल ती घ्या.

कोणाची तरी जुनी बॅग स्वस्तात मिळतेय. घेऊ?

घ्या, पण आधी नाक लावून वास घ्या. कुबट असेल तर भराव टाकून द्यावा लागेल, तेवढी किंमत कमी करा. मग खालपासून वरपर्यंत तळहातानं चाचपत या. तळ दगडासारखा लागला तर आतला भराव पूर्ण काढून पुन्हा भरायला एक रविवार जाईल. साखळीचे चार पदर एकसारख्या लांबीचे आहेत ना ते बघा. एक जरी ताणलेला असेल तर चारही बदला. हार्डवेअरच्या दुकानात साखळी किलोवर मिळते.